थर्मल कॅमेऱ्याला पोलरायझर लावून भूसुरुंग दिसतो का? माझ्या गच्चीवर एकदा दिसतो, एकदा नाही

पॅनेलवाला_विक्रोळी :

नमस्कार मंडळी. माझं काम इलेक्ट्रिकल पॅनेलच्या थर्मोग्राफीचं. कारखाना, हॉस्पिटल, सोसायटी, जिथे बोलावतील तिथे जायचं, पॅनेलचं दार उघडायचं, कॅमेरा धरायचा आणि कुठला लग (वायरच्या टोकाचा जोड) सैल होऊन तापलाय ते सांगायचं. तेरा वर्षं हेच चाललंय. एमिसिव्हिटी, म्हणजे वस्तू स्वतःचं इन्फ्रारेड किती फेकते ते, मला पुस्तकातून नाही, तोंडावर आपटून कळली. नवा होतो तेव्हा एका चकचकीत तांब्याच्या बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर) ३४ अंश दिसले म्हणून रिपोर्टात लिहून दिले. ते ३४ अंश बसबारचे नव्हते, माझ्या थोबाडाचे होते. तेव्हापासून शटडाऊनमध्ये काळी टेप चिकटवून घेतल्याशिवाय तांब्याच्या रीडिंगवर विश्वास ठेवत नाही.

आता मुद्दा. माझे मामा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होते. २००२ मध्ये, ऑपरेशन पराक्रमच्या काळात, राजस्थानच्या सीमेवर आधी सुरुंग पेरायला आणि मग तेच काढायला. मामा त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. एकदा आमच्याकडे जेवायला असताना श्रीखंडाचा सगळ्यात छोटा डबा हातात घेऊन म्हणाले, ‘याच्याहूनही लहान.’ नंतर मी शोधलं. एम-१४ जातीचा सुरुंग ५६ मिलिमीटर व्यासाचा आणि ४० मिलिमीटर उंच असतो, जवळपास सगळा प्लॅस्टिकचा. ‘नकाशावर रांगेत असतो,’ मामा म्हणाले, ‘पण वाळूला नकाशा कुठे माहीत असतो.’

मग वाचत गेलो. प्लॅस्टिक आणि माती सारख्याच तापमानाला असली तर साध्या थर्मल कॅमेऱ्यात फरक दिसत नाही, पण पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी आत सोडणारी चाळणी) लावला तर दिसतो, असं कळलं. कारण गुळगुळीत पृष्ठभागातून तिरकं निघणारं इन्फ्रारेड थोडं पोलराइज झालेलं असतं आणि खडबडीत मातीतून निघणारं नसतं. एका कॉलेजच्या लॅबमधल्या मित्राकडून २५ मिलिमीटरचा वायर ग्रिड पोलरायझर दोन आठवड्यांसाठी आणलाय. एका कोपऱ्यात ओरखडा आहे म्हणून त्यांच्याकडे पडून होता. ८ ते १४ मायक्रॉनसाठीच आहे, गॉगलवाला नाही. (गॉगलची काचही लावून पाहिली, मित्र हसला. त्या तरंगांना ती काच म्हणजे भिंत.)

प्रयोग असा. कन्नमवार नगरमधली आमची चार मजली जुनी बिल्डिंग, तिची गच्ची. एका घमेल्यात चाळलेली रेती, रेतीत काळ्या प्लॅस्टिकचं बरणीचं झाकण, वरची बाजू उघडी. कॅमेरा स्टँडवर, उभ्या रेषेपासून साधारण ६० अंश तिरका. पोलरायझर उभा ठेवून एक फोटो, आडवा करून एक.

पहिल्या शनिवारी रात्री दहाला झाकण उभ्यात गरम आणि आडव्यात थंड आलं, फरक पावणेदोन अंश. रेतीत फरक शून्य. मी एकटाच गच्चीवर ओरडलो. दुसऱ्या शनिवारी तिथे शेजारच्या काकूंचे पापड वाळत होते, उचलून न्यायला विसरल्या होत्या, म्हणून घमेलं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. तीच वेळ, तेच झाकण, तसंच स्वच्छ आकाश. फरक ०.२, म्हणजे काहीच नाही. रविवारी घरात हॉलमध्ये करून पाहिलं, शून्य. झाकणावर सेंटीमीटरभर रेती पसरली तर पोलरायझर लावून काही नाही, पण त्याच संध्याकाळी पोलरायझर काढल्यावर साध्या फोटोत अंधूक गोल दिसला. रेती भिजवली तर अख्खं घमेलंच चमकायला लागलं, जणू सगळीकडे सुरुंग.

मग हे तंत्र खरं आहे की माझ्या पहिल्या शनिवारचं नशीब? पोलरायझर पुढच्या सोमवारी परत द्यायचाय.

—

लोकल_डबा_९ :

दादा, एवढा उपद्व्याप कशाला? मेटल डिटेक्टर घ्या, बीप वाजला की खणा. 😄

—

पॅनेलवाला_विक्रोळी :

बीप वाजण्यापुरतं धातू हवं ना भाऊ. एम-१४ सारख्या सुरुंगात मुळात टाचणीएवढं टोक. म्हणून तर १९९६च्या सुधारित आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलमध्ये निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका सिग्नल मिळेल असं काहीतरी सुरुंगात असलंच पाहिजे, अशी अट घातली. जुन्यांचं काय? आणि उलट बाजूनेही आहेच. जिथे लढाई झाली तिथे मातीत खिळे, काडतुसं, डब्यांचे पत्रे. प्रत्येक बीपला पोटावर झोपून हळूहळू खणायचं. माझ्या गावी, देवरुखकडे, जांभ्या जमिनीवर डिटेक्टर नेलात तर नुसत्या जमिनीवरच गुरगुरेल, इतकं लोह आहे तिच्यात.

—

निवृत्त_प्रॅक्टिकलवाल्या_बाई :

पॅनेलवाले, आधी तुमचं अभिनंदन. दोन्ही शनिवारची आकडेवारी लिहिलीत, फसलेलीसुद्धा. एकतीस वर्षं मुलांची जर्नल्स तपासली, फसलेलं रीडिंग फार थोड्यांनी लिहिलं. (पोलरायझेशनला आम्ही वर्गात ध्रुवीकरण म्हणायचो, पण हल्ली तो शब्द काढला की निवडणुकीची चर्चा सुरू होते, म्हणून तुमचाच शब्द वापरते.)

तुमचं तंत्र खरं आहे. नशीबही खरं आहे. आणि उत्तर तुमच्या त्या ३४ अंशांच्या थोबाडात आहे.

झाकण काळं असलं तरी ६० अंशांवरून ते थोडा आरसा असतं. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक (किरण किती वाकवतं त्याचा आकडा) १.५ धरून मी आत्ता वहीत मांडलं. आडव्या पोलरायझेशनमध्ये झाकण सुमारे १८ टक्के परावर्तन करतं आणि स्वतःचं ८२ टक्के देतं. उभ्या पोलरायझेशनमध्ये परावर्तन ०.२ टक्के, बाकी सगळं स्वतःचं. म्हणजे पोलरायझर उभा असताना तुम्ही निव्वळ झाकण बघता. आडवा केलात की झाकणात दुसऱ्या कशाची तरी १८ टक्के भेसळ होते. ती भेसळ कशाची, हाच सगळा प्रश्न आहे. दुधात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर सांगतो. दुधात दुसऱ्या म्हशीचं दूध घातलं तर काय सांगणार?

वर थंड, स्वच्छ आकाश असेल तर भेसळ थंडाची, म्हणून आडव्यात झाकण थंड दिसतं. तुमचे पावणेदोन अंश ते. भेसळ झाकणाच्याच तापमानाच्या वस्तूची असेल तर फरक शून्य. हॉलमध्ये भिंती, छत, पंखा, सोफा, सगळं एकाच तापमानाला. तिथे झाकणातून जेवढं पोलराइज होऊन निघतं, बरोबर तेवढंच उलट दिशेचं परावर्तित होऊन त्यात मिसळतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफने १८६० च्या सुमारास बंद पोकळीबद्दल मांडलेला नियम तुमच्या हॉलला लागू झाला.

आता मला सांगा, दुसऱ्या शनिवारी घमेल्यामागे काय होतं? कॅमेरा ६० अंश तिरका म्हणजे झाकणावरून परावर्तित दिशा क्षितिजापासून फक्त ३० अंश वर जाते. तुम्ही डोक्यावरचं आकाश स्वच्छ बघितलंत, झाकण ते बघतच नव्हतं. कन्नमवार नगरात पुनर्विकासाचे टॉवर उभे राहताहेत असं ऐकून आहे.

कोनाचंही सांगून ठेवते. नुसत्या उत्सर्जनाचं पोलरायझेशन ६० अंशांवर साधारण साडेनऊ टक्के, ४५ वर साडेचार, ३० वर पावणेदोन, आणि सरळ वरून शून्य. ड्रोन थेट डोक्यावर आणून खाली बघाल तर पोलरायझर असून नसून सारखा. पण जितकं तिरकं जाल तितकं गवत आणि दगड मध्ये येणार आणि आकाशही क्षितिजाजवळचं, म्हणजे जास्त गरम.

करून बघा :

घमेलं खाडीच्या बाजूला तोंड करून ठेवा, जिथे ३० अंशांवर इमारत नाही. मग परत टॉवरच्या बाजूला ठेवा, पण घमेल्यामागे स्वयंपाकघरातलं अॅल्युमिनियम फॉइल लावलेला पुठ्ठा उभा करा, ३० अंश मागे रेललेला. म्हणजे झाकणाला त्यात डोक्यावरचं आकाश दिसेल. फॉइल सुरकुतू देऊ नका. शेवटी टॉवरसमोरच, फॉइल काढून, झाकणाखाली गरम पाण्याचा डबा. झाकण भिंतीपेक्षा तापलं की फरक परत यायला हवा.

कॅमेरा ऑटो रेंजवर ठेवू नका. कॅमेरा स्वतःला जुळवून घेताना शटर मध्येच टिक करतं ना, प्रत्येक फोटोआधी ते हाताने करून घ्या, आणि क्रम उभा, आडवा, पुन्हा उभा असा ठेवा. दोन्ही उभे जुळले नाहीत तर तो फरक झाकणाचा नाही, कॅमेऱ्याच्या सरकण्याचा. पोलरायझर भिंगासमोर किंचित तिरका बसवा, नाहीतर कॅमेरा त्याच्यात स्वतःचंच तोंड बघेल, तुमच्यासारखा.

ओल्या रेतीचं सोपं आहे. पाण्याचा पातळ थर गुळगुळीत असतो, म्हणून तोही झाकणासारखाच वागतो.

—

खडकी_पेन्शनर :

बाईंचं गणित मला झेपलं नाही पण मैदानातलं सांगतो. तुमच्या मामांना रामराम सांगा.

पेरल्या दिवशी वरून खुणा दिसतात. खणलेली माती रंगाने वेगळी, भुसभुशीत. एक पाऊस पडला, चार वाऱ्याचे दिवस गेले, की ती खूण संपली. उघड्यावर आलेला सुरुंगही चकचकीत नसतो. त्याच्यावर धूळ बसलेली, कडेला गवत उगवलेलं, वर्षानुवर्षांच्या उन्हाने प्लॅस्टिक पांढुरकं पडलेलं. तुमचं झाकण बरणीवरून काढलेलं आहे.

आणि ‘दिसला’ याला आमच्याकडे फार किंमत नाही. ‘इथे नाही’ हे ज्याला सांगता येतं त्याला किंमत. शेतकरी दुसऱ्या दिवशी त्या जमिनीत बैल घालणार असतो. असला कॅमेरा गाडीवर लावून लांबून ‘या पट्ट्यात काहीतरी आहे, थांबा’ एवढं कळलं तरी पुष्कळ. पुढे हात, प्रॉडर (माती टोचून बघायची सळई) आणि वेळ.

—

निवृत्त_प्रॅक्टिकलवाल्या_बाई :

पेन्शनर साहेब, धुळीचं तुम्ही बोललात ते अगदी वर्मावर. हॉलंडच्या टीएनओ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर बरंच काम केलं. वेगवेगळ्या मातीच्या पट्ट्यांत नकली सुरुंग ठेवून पोलरायझेशनवाल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघायचं, आणि तो सिग्नल मेटल डिटेक्टर आणि जमिनीत शिरणाऱ्या रडारच्या सिग्नलशी जोडायचा. एकट्या कॅमेऱ्याच्या भरवशावर कोणी राहत नाही.

पुरलेल्या सुरुंगाचं पॅनेलवाल्यांना सांगायचं राहिलं. इन्फ्रारेड मातीत शिरत नाही, केसाएवढंही नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला संध्याकाळी जो अंधूक गोल दिसला तो झाकण नव्हे, झाकणावरच्या रेतीचं तापमान. प्लॅस्टिक उष्णता खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्यावरची रेती दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. मध्ये दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळनंतर, दोन्ही सारख्या तापमानाला येतात आणि गोल नाहीसा होतो. पुरलेल्यासाठी पोलरायझरचा उपयोग झालाच तर खणून बुजवलेल्या जागेचा खडबडीतपणा ओळखायला, आणि तो सिग्नल झाकणाच्या मानाने अगदीच बारीक.

एक अवांतर. मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८०८ मध्ये हा परावर्तनाचा खेळ सापडला तो पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून आलेलं ऊन स्फटिकातून बघताना. त्याच्यासमोर राजवाडा होता, तुमच्यासमोर टॉवर आहे.

—

पॅनेलवाला_विक्रोळी :

बाई, साष्टांग नमस्कार.

घमेल्यामागे बावीस मजली टॉवर होता. तो समोर असून माझ्या डोक्यातच आलं नाही! पहिल्या शनिवारी तोंड खाडीकडे होतं, कारण पापड नव्हते.

काल रात्रीची रीडिंग्ज. उभा वजा आडवा, तीन-तीन वेळा घेऊन सरासरी :

खाडीकडे तोंड, १.६ अंश. तिवरांच्या वर सगळं मोकळं आहे.

टॉवरकडे तोंड, ०.१.

टॉवरकडे, मागे फॉइलचा पुठ्ठा, १.९. खाडीपेक्षाही जास्त! थांबून विचार केला तेव्हा कळलं, फॉइलमधून डोक्यावरचं आकाश येतंय, खाडीवरचं ३० अंशांचं दमट आकाश नव्हे. मग नुसता कॅमेरा आकाशाकडे फिरवला. सरळ वर सगळ्यात थंड, आणि खाली खाली आणत गेलो तसतसं गरम होत गेलं. तेरा वर्षं कॅमेरा वापरतोय, कधी वर धरला नव्हता.

टॉवरकडे, फॉइल नाही, झाकणाखाली गरम पाण्याचा डबा. झाकण ४१ अंशांवर असताना २.४, आणि पाणी निवत गेलं तसा फरकही उतरत गेला.

उलटंही करावंसं वाटलं, म्हणून झाकण फ्रीजमध्ये ठेवून आणलं. झाकण भिंतीपेक्षा थंड, म्हणजे उभ्यात जास्त थंड दिसायला हवं, बरोबर ना? पण गच्चीवर आणेपर्यंत त्याच्यावर दवाचे थेंब. सगळा सिग्नल विस्कटला. मुंबईत फ्रीजमधून काही काढून कोरडं ठेवून दाखवा.

यावरून एक शंका. हे फेब्रुवारीत जमलं. जुलैमध्ये डोक्यावर ढग असताना काय होणार? ढगाचा तळ कितीसा थंड असणार.

आणि आता मुख्य गोष्ट. हे सगळं चालू असताना मामा वर आले. चहाचा कप कठड्यावर ठेवला, स्क्रीनवर बघत राहिले. मी खाडीकडे तोंड करून दाखवलं, पोलरायझर फिरवला, झाकण उजळलं, विझलं. त्यांनी दोनदा फिरवायला लावलं. मग खाली वाकले, घमेल्याच्या कडेची चिमूटभर कोरडी रेती उचलली, मीठ भुरभुरावं तशी झाकणावर टाकली आणि म्हणाले, ‘आता शोध.’

फरक ०.९.

अजून एक चिमूट. ०.४. झाकण डोळ्यांना अजून दिसत होतं, काळं, वर दाणे. तिसऱ्या चिमटीनंतर कॅमेऱ्याला रेती आणि झाकण एकच. मामा चहा घेऊन खाली गेले.

—

निवृत्त_प्रॅक्टिकलवाल्या_बाई :

जुलैबद्दल तुमची शंका बरोबर आहे. खाली उतरलेला पावसाळी ढग जवळपास जमिनीच्याच तापमानाचा. तुमचा हॉल आकाशाएवढा मोठा झाला असं समजा. दमट हवेत ढग नसतानाही सिग्नल अशक्त राहील. राजस्थानात थंडीच्या कोरड्या रात्री मात्र हाच प्रयोग मस्त चालेल.

मामांचा प्रयोग तुमच्या सगळ्या प्रयोगांत चांगला. फक्त ‘चिमूट’ हे एकक मला चालणार नाही. मामांची चिमूट आणि तुमची चिमूट सारखी नाही. झाकणाचा व्यास मोजा, प्रत्येक वेळी टाकलेली रेती वजन करून टाका, आणि किती ग्रॅमला फरक निम्मा होतो त्याचा आलेख काढा. रेती नदीची आहे की क्रश सँड (दगड फोडून केलेली), तेही लिहा, दाण्याचा आकार महत्त्वाचा आहे. वाऱ्याची रात्र टाळा. सोमवार दूर नाही.

—

खडकी_पेन्शनर :

मामांना विचारा सॅपर्सच्या कोणत्या कंपनीत होते.

—

पॅनेलवाला_विक्रोळी :

विचारतो साहेब.

बाई, झाकण ५८ मिलिमीटर. रेती नदीची नाही, समोरच्या टॉवरच्या साइटवरून मागून आणलेली क्रश सँड आहे. आईचा पोळ्यांची कणीक मोजायचा काटा घेतला, पण तो एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही आणि तीन चिमटींनंतरही शून्यच म्हणतो. खालच्या मजल्यावर इमिटेशन ज्वेलरीचं काम करणारा मुलगा आहे, त्याच्याकडे दशांश दोनपर्यंतचा काटा आहे. उद्या रात्री नऊनंतर देतो म्हणालाय. वारा पडला की वर जातो.